आधी नाल बघ

प्रिय बाळा,

तुझा मेसेज परवा रात्री वाचला. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत तुम्ही चौघं ॲरिझोनातल्या टेम्पीहून गाडीने लास वेगासला जाणार, दोन रात्री राहणार आणि त्यातल्या एका रात्री तुला खऱ्या टेबलावर पोकर खेळायचंय. ‘मामा, कुठली पोकर रूम चांगली?’ एवढंच विचारलंयस. एका ओळीत नाव सांगून मोकळा झालो असतो. पण तू खिशात ४०० डॉलर घेऊन जाणार आहेस, आणि लायब्ररीच्या काउंटरवर आठवड्याला २० तास उभं राहून ते कसे जमतात हे मला ठाऊक आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रूममध्ये आधी नाल, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने कापून घेतलेला हिस्सा, बघायची. आजोळी गौरी-गणपतीच्या जागरणाला पत्ते बसायचे ते तू लहानपणी पाहिलेयस. तिथे एकाचे गेलेले पैसे दुसऱ्याच्या पुढ्यात जायचे, घराबाहेर काही जात नव्हतं. अड्डा चालवणारा मात्र प्रत्येक डावातून आपली नाल काढतो. कॅसिनोच्या पोकर रूममध्ये नेमकं हेच होतं, तिथे त्याला रेक म्हणतात. रूलेट किंवा ब्लॅकजॅकला तू कॅसिनोविरुद्ध खेळतोस. पोकरला समोर तुझ्यासारखीच माणसं असतात. कॅसिनो जागा, पत्ते आणि डीलर देतो आणि त्याचं भाडं पॉटमधून, म्हणजे डावात सगळ्यांनी लावलेल्या पैशांतून, कापून घेतो. वेगासची साधारण पद्धत अशी की पॉटच्या १० टक्के घ्यायचे, पण पाच-सहा डॉलरपेक्षा जास्त नाहीत, आणि वर जॅकपॉटच्या किंवा हाय हँडच्या बक्षिसासाठी एक-दोन डॉलर. फ्लॉप, म्हणजे टेबलावर मध्ये उघडे पडणारे पहिले तीन पत्ते, पडलाच नाही तर काही कापत नाहीत.

आकडे किरकोळ वाटतात ना? कागदावर मांड. एक-तीनचं टेबल, म्हणजे पत्ते वाटण्याआधी दोघांनी सक्तीने लावायच्या रकमांपैकी छोटी (स्मॉल ब्लाइंड) एक डॉलर, मोठी (बिग ब्लाइंड) तीन. नऊ माणसं. तासाला साधारण ३० हात, म्हणजे डाव, होतात. कधी पॉट लहान असतो, कधी फ्लॉपच येत नाही, म्हणून हातामागे सरासरी ५ डॉलर गेले असं धरू. झाले तासाला १५०. पॉट जिंकणारा डीलरला एक डॉलर टिप देतो, त्याचे २५ धर. टेबलावरून दर तासाला १७५ डॉलर उठतात आणि परत येत नाहीत. प्रत्येकाने २०० मांडले असतील तर टेबलावर सगळे मिळून १८०० डॉलर. कुणी नव्याने पैसे आणलेच नाहीत तर साधारण दहा तासांत टेबल कोरडं. तुझ्या वाट्याचे तासाला १९ डॉलर जातात, आणि ते तू एकही चूक केली नाहीस तरी जातात. पाच-दहाच्या टेबलावरही भाडं फार वेगळं नसतं, पण तिथे पॉट शेकड्यांत असल्यामुळे ते जाणवत नाही. तुझ्यासारख्या छोट्या खेळाला ते फार जड पडतं.

म्हणून जाण्याआधी रूमला सरळ फोन लाव. डेस्कवरचा माणूस रोज हेच सांगत असतो, संकोच करू नकोस. रेक किती, बक्षिसाचे वेगळे किती आणि टेबलावर चार-पाचच माणसं उरली तर रेक कमी करता का, हे तीन प्रश्न विचार. बऱ्याच रूम करतात, पण कुणीतरी तशी मागणी केल्यावरच. हाय हँडच्या पाट्या पाहून हुरळून जाऊ नकोस. दर अर्ध्या-एका तासाला सर्वांत मोठ्या हाताला, म्हणजे सर्वांत भारी पत्त्यांना, काही शे डॉलर, असं तिथे लिहिलेलं असतं. तो पैसा टेबलांवरच्या पॉटमधूनच गोळा झालेला असतो. आठवड्याचे पाच दिवस तिथे बसणाऱ्या माणसाला तो कधी ना कधी परत मिळतो, एका रात्रीपुरत्या आलेल्या पाहुण्याला बहुधा मिळत नाही. दोन रूम इतर बाबतींत सारख्या वाटल्या तर बक्षीस नसलेली किंवा बक्षिसासाठी कमी कापणारी रूम घे.

दुसरी गोष्ट, किती टेबलं चालू आहेत. हे मी पैसे घालवून शिकलो. पंधरा वर्षांपूर्वी मी ज्या हॉटेलात उतरलो होतो तिथेच एक छोटी पोकर रूम होती. खोलीतून लिफ्टने खाली आलो की टेबल, याहून सोयीचं काय? चालू टेबल एकच होतं. रात्री अकराला नऊ माणसं होती, दीडला पाच उरली. त्यांतले तिघे तिथले रोजचे, एकमेकांना नावाने हाक मारणारे, माझ्या हातात काय आहे हे माझ्याआधी ओळखणारे. बदलून बसायला दुसरं टेबल नव्हतं. उठावं हे कळत होतं, पण ‘इथवर आलोच आहोत तर’ म्हणत चारपर्यंत बसलो आणि ६०० डॉलर घालवून वर गेलो. कुणी फसवलं नाही, रूममध्येही खोट नव्हती. जिथे निवडायला काही नव्हतं तिथे मी जाऊन बसलो होतो.

आठ-दहा टेबलं चालू असली की डेस्कवर जाऊन ‘टेबल चेंज’ मागता येतो. फोनवर ब्राव्हो पोकर लाइव्ह नावाचं ॲप घे. कुठल्या रूममध्ये कुठला खेळ किती टेबलांवर चालू आहे आणि प्रतीक्षा यादीत किती जण आहेत, हे त्यात दिसतं. आत्तापासून रोज रात्री नऊला बघत राहा, आठवड्याभरात तुलाच अंदाज येईल. जुन्या व्हिडिओंवर आणि लेखांवर विसंबू नकोस, वेगासमध्ये पोकर रूम उघडतात तशा बंदही होतात. नव्वदच्या दशकात मोठं पोकर ज्या मिराजमध्ये एकवटलं होतं, ते अख्खं हॉटेल १७ जुलै २०२४ ला बंद झालं.

आता तुमच्या हॉटेलाबद्दल. फ्लेमिंगो रोडच्या चौकाजवळ उतरताय ही चांगली गोष्ट झाली. त्याच चौकात बेलाजिओ, सीझर्स पॅलेस आणि हॉर्सशू ही कॅसिनो-हॉटेलं आहेत, आणि पादचारी पुलांवरून तिन्हीकडे पायी जाता येतं. (वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर १९७० मध्ये सुरू झाली ती डाउनटाउनच्या बिनियन्स हॉर्सशूमध्ये. तू बघणार आहेस ते हॉर्सशू वेगळं, ते आधी बॅलीज होतं आणि २०२२ च्या अखेरीस त्याला हे नाव मिळालं. ती स्पर्धा आता तिथे आणि शेजारच्या पॅरिस हॉटेलात उन्हाळ्यात होते. त्या दिवसांत गर्दी निराळीच असते, तू नोव्हेंबरात जातोयस तर तो विचार नको.) बेलाजिओचं नाव मोठ्या खेळामुळे झालंय, तरी छोटी टेबलंही तिथे असतात.

तिन्ही ठिकाणी जा आणि लगेच बसू नकोस. कठड्याबाहेर वीस मिनिटं उभा राहा, कुणी हटकत नाही. किती जण फ्लॉप बघतायत ते मोज. पाच-सहा जण बघत असतील, गप्पा चालू असतील, कुणीतरी हरूनही हसत असेल, तर ते टेबल तुझं. डोक्यावर टोपी ओढून, कानात हेडफोन घालून नऊ जण गप्प बसलेत आणि प्रत्येक पॉट दोघांतच चाललाय, तर पुढे चालू लाग. लोकांसमोर चिपांचे ढीग किती उंच आहेत तेही बघ. कमीत कमी किती डॉलर घेऊन बसता येतं तशीच वरचीही मर्यादा असते, आणि ती प्रत्येक रूममध्ये वेगळी असते. सगळ्यांपुढे हजार-हजार असतील तर तुझे २०० तिथे घाबरून खेळतील.

स्ट्रिप, म्हणजे बड्या कॅसिनोंचा मुख्य रस्ता, त्याबाहेर ऑर्लीन्स आणि साउथ पॉइंट हे कॅसिनोही आहेत. तिथे निवृत्त, स्थानिक माणसं जास्त, आणि लिमिट होल्डेमसारखे खेळ मिळतात, ज्यात पैज ठरलेल्या रकमेचीच लावायची असते. एका हातात सगळं घालवण्याची भीती त्यात कमी. मला स्वतःला ही वस्ती आवडते. तरी तुला तिकडे पाठवत नाही, कारण तिथे गाडीने जावं लागेल, टेबलावर दारू फुकट मिळते, आणि मध्यरात्री परत गाडी चालवणारे तुम्ही चौघं. हा एकच मुद्दा मला बाकी सगळ्यांपेक्षा मोठा वाटतो. चालत परत येता येईल तिथेच खेळ.

वय २१ पूर्ण हवं. तुझं झालंय, तरी ओळखपत्र जवळ ठेव, ॲरिझोनाचं लायसन्स चालेल. बसण्याआधी प्लेयर्स कार्ड काढून घे, तासाच्या हिशेबाने जेवणाखाण्यासाठी थोडी सूट जमा होते. आणि एक नियम आपल्या लोकांना हमखास नडतो. हात चालू असताना टेबलावर फक्त इंग्रजी बोलायचं. मी आणि माझा मित्र पहिल्यांदा शेजारी बसलो होतो, हात चालू असताना मी त्याला मराठीत ‘पाणी मागवू का’ म्हटलं, आणि डीलरने खेळ थांबवला. समोरच्यांना वाटणारच की हे पत्त्यांबद्दल बोलतायत. मित्राच्या शेजारी बसूच नकोस, शक्य असेल तर वेगळ्या टेबलावर बस. समोर पैज लागलेली असताना न बोलता एकच मोठी चिप पुढे टाकलीस तर तो कॉल, म्हणजे तेवढीच पैज लावली असं, धरतात. रेज करायचं, म्हणजे पैज वाढवायची, असेल तर आधी तोंडाने ‘रेज’ म्हण.

हे सगळं थेट वेगासला जाऊन शिकण्याची गरज नाही. स्कॉट्सडेलचं टॉकिंग स्टिक कॅसिनो तुझ्यापासून फार लांब नाही, तिथली पोकर रूम मोठी आहे. जाण्याआधी एखाद्या संध्याकाळी जा, दोन तास बस, सर्वांत छोट्या टेबलावर. चिपा मोजायची आणि पाळी पाळायची सवय झाली की वेगासला हात थरथरणार नाहीत.

डिसेंबरात घरी आलास की गोव्यात खेळू, असंही लिहिलंयस. तिथला विचार सोड. मांडवीतल्या जहाजांवर पोकर आहे, पण कॅसिनोवरचा २८ टक्के जीएसटी १ ऑक्टोबर २०२३ पासून चिपा विकत घेण्याच्या रकमेवर लागू झाला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. वर मी ज्या नालीचा हिशेब मांडला तो त्यापुढे काहीच नाही. छोट्या खेळाला तिथे जागा उरलेली नाही.

४०० डॉलरचे दोन भाग कर. २०० घेऊन बस, उरलेले २०० हॉटेलच्या खोलीतल्या तिजोरीत राहू देत. पहिले संपले तर किमान एक तास बाहेर हिंड, बेलाजिओची कारंजी बघ, काहीतरी खा, मग ठरव. कार्ड खोलीतच ठेव. कॅसिनोतल्या एटीएमवर जायचंच नाही, तिथे फीसुद्धा भरमसाट असते. उठायची वेळ आधीच ठरवून मित्रांपैकी कुणाला तरी सांगून ठेव. मी रात्री एक म्हणेन. रविवारी तुम्हाला ३०० मैल परत यायचंय, आणि थँक्सगिव्हिंगच्या रविवारी रस्त्यावर गर्दी असते.

ताईला मी यातलं काही बोललेलो नाही. निघण्याआधी तूच सांग, किती पैसे नेतोयस ते आकड्यासकट. आणि टॉकिंग स्टिकला जाऊन आलास की रात्री कितीही वाजले तरी मला फोन कर, कुठला हात कसा खेळलास ते एकेक ऐकायचंय.

तुझा,
मामा