कॅमेऱ्याचं नंतर बघू, आधी इसाराचं बोलू

पत्र थोडक्यात असं आहे: ‘सहा वर्षं फ्रीलान्स फोटोग्राफी करतो, बहुतेक लग्नं आणि समारंभ. निकॉन डी850 वापरतो. शटर काउंट (शटर आजवर किती वेळा उघडलं तो आकडा) 1 लाख 40 हजार झालाय आणि कमी प्रकाशात फोकस चुकतो. नवी मिररलेस (आत आरसा नसलेली) बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, आणि एक लेन्स बिनव्याजी हप्त्यांवर घ्यावी, की सीझनमध्ये भाड्याने आणावी? नवी आली की दर दीडपट करता येतील. बँकेत शिल्लक आहे, पुढच्या सीझनची बुकिंग्जही भरपूर आहेत, त्यामुळे हप्त्यांची चिंता नाही. शिवाय कॅमेऱ्याला पैसे साठावेत म्हणून आयुर्विम्याची एक पॉलिसी दोन वर्षांपासून चालू आहे. जाता जाता, जुनी बॉडी विकून टाकू का?’ सोबत वर्षाचा हिशेब जोडला आहे.

हिशेब जोडलात हे उत्तम केलंत. नाहीतर मी हप्ते की भाडं यावर चार ओळी लिहून मोकळा झालो असतो. तुमचे खरे आकडे इथे देत नाही. वर्षभरात तुमच्या खात्यात जमा झालेली रक्कम 100 धरतो आणि बाकी सगळं त्याच मापाने मोजतो.

तुम्ही लिहिलंय, ‘वर्षाची कमाई 100.’ नाही. जमा 100 आहे. त्यातले 28 हे पुढच्या सीझनच्या बुकिंगचे ॲडव्हान्स आहेत, म्हणजे ज्या लग्नांचा अजून एकही फोटो काढलेला नाही त्यांचा इसार. उलट गेल्या वर्षी घेतलेल्या ॲडव्हान्सपैकी 14 चं काम तुम्ही यंदा पूर्ण केलंत, ते मिळवायला हवं. 100 वजा 28 अधिक 14, म्हणजे 86. ही तुमची कमाई.

आता खर्च. सहायक, प्रवास, अल्बम छपाई, बाहेरून करून घेतलेलं एडिटिंग, सॉफ्टवेअरची वर्गणी, कार्ड, हार्ड डिस्क मिळून 38. उरले 48. घरखर्च 36. उरले 12. पॉलिसीचा हप्ता 9. उरले 3. त्या 3 मधून आयकर भरायचाय, आणि तुमच्या हिशेबात आयकराची ओळच नाही.

ज्या शिल्लकीच्या जोरावर तुम्ही निर्धास्त आहात ती आहे 17. लोकांचे 28 तुमच्याकडे ठेवायला दिलेले आहेत आणि खात्यात 17 आहेत. 11 गेले कुठे? तुमच्याच नोंदींत सापडतात: गेल्या वर्षी घेतलेली लेन्स आणि पॉलिसीचे हप्ते. बुकिंग्ज वाढत होती तोवर हे लक्षात येण्याचं कारणच नव्हतं, कारण नव्या ॲडव्हान्समधून जुन्या कामाचा खर्च भागत होता. ज्या वर्षी बुकिंग्ज कमी होतील त्या वर्षी अल्बम छापायला पैसे नसतील. किंवा नोव्हेंबरात मनगट मोडलं तर पाचसहा घरांना ॲडव्हान्स परत करायचे कुठून? भरपूर बुकिंग्ज आहेत म्हणून तुम्ही खूश आहात. मला त्यात तुम्ही ज्यांचं देणं लागता त्यांची यादी दिसते.

उपाय कंटाळवाणा आहे. ॲडव्हान्ससाठी वेगळं खातं उघडा. शूट झालं की त्याच संध्याकाळी त्या कामाचे पैसे चालू खात्यात आणा, त्याआधी एक पैसाही नाही. 11 चा खड्डा एका सीझनमध्ये भरणार नाही, दोन लागतील.

आता ती पॉलिसी. हिच्यावर माझा जीव जास्त जळतो. विकणाऱ्याने तुम्हाला सांगितलं की हा तुमचा ‘कॅमेरा फंड’. कागद मात्र सांगतात की 10 वर्षं दरसाल 9 भरायचे आणि 20 व्या वर्षाअखेर 160 मिळायचे. म्हणजे 90 भरून 160. सरासरी साडेपंधरा वर्षं पैसे अडकून दामदुप्पटही नाही. 72 ला वर्षांनी भागायचा ढोबळ नियम लावला तर पंधरा-साडेपंधरा वर्षांत दुप्पट व्हायलाच पावणेपाच टक्के लागतात. इथे चारच्याही आत आहेत. विमा कवच 90, म्हणजे तुमच्या जेमतेम एका वर्षाच्या कमाईएवढं.

परतावा एकवेळ सोडा. कॅमेरा चारपाच वर्षांत बदलायचा आणि त्याचा फंड विसाव्या वर्षी पिकणार, हे विकताना त्या गृहस्थांना कसं सुचलं कोण जाणे! कॅननचा 300डी 2003 साली आला तेव्हा तो 6 मेगापिक्सेलचा होता. त्या वर्षी कुणी असा ‘फंड’ काढला असता तर तो 2023 ला हातात आला असता. तोवर, 2018 मध्येच, कॅनन आणि निकॉन दोघांनीही मिररलेससाठी नवे माउंट (बॉडीवर लेन्स बसवायची खाच) आणले होते.

दोन हप्त्यांचे 18 गेले असं समजा. ते वाचवण्यासाठी आणखी 72 घालू नका. पॉलिसी पेड-अप होते का (पुढचे हप्ते न भरता कमी रकमेवर चालू राहते का), सरेंडर केली, म्हणजे मुदतीआधी मोडली, तर किती मिळतात, हे कंपनीकडून लेखी घ्या, तोंडी नको. पण बंद करण्याआधी साधा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा) आणि अपघाताने काम थांबलं तर मिळकत देणारं कवच घ्या. तुमचं पोट हातांवर आहे. आणि कॅमेरा ‘घराच्या विम्यात येतो’ असं लिहिलंय तेही तपासा. व्यवसायासाठी वापरलेली उपकरणं घराच्या विम्यात सहसा धरत नाहीत.

कॅमेऱ्याचा खरा फंड किती लागतो? तुमच्याकडची सगळी उपकरणं 60 ची. पाच वर्षांनी विकून 20 येतील. झीज 40, वर्षाला 8, उपकरणांचा विमा 1. एकूण 9. पॉलिसीचा हप्ताही 9 च आहे, म्हणजे योग्य रक्कम तुम्ही चुकीच्या ठिकाणी भरत होतात. वर्षाला 45 कामं करता, तर दर कामामागे 0.2, म्हणजे बिलाच्या दहाएक टक्के. हे पैसे बिल वसूल झाल्या दिवशी बाजूला काढा. अल्बमच्या छपाईसारखाच हाही कामाचा खर्च आहे, दर ठरवताना तो धरलेला दिसत नाही.

आता तुमचा प्रश्न. नवी बॉडी आणि लेन्स मिळून 24. चार वर्षं वापरून 8 ला विकली तर वर्षाला 4, वर विमा-दुरुस्ती 1, म्हणजे 5. तुम्ही दिलेलं भाडं दिवसाला किमतीच्या 3 टक्के, म्हणजे 0.72. वर्षाला सात दिवसांपेक्षा जास्त लागली तर विकत घेणं स्वस्त, आणि तुम्हाला लागते बारा दिवस. तेव्हा विकत घ्यायचं हे तुमचं गणित बरोबर आहे. पण यंदा नाही. यंदा भाड्याने आणा. साडेआठ-नऊ जातील, विकत घेण्यापेक्षा चारएक जास्त, पण काम असेल तेव्हाच जातील. हप्ता काम नसलेल्या महिन्यातही दारात उभा राहतो.

‘बिनव्याजी’चं म्हणाल, तर रोखीने घेतल्यावर 5 टक्के सूट मिळते असं तुम्हीच लिहिलंय. ती सोडून बारा हप्ते भरायचे म्हणजे वर्षाला साडेनऊ टक्क्यांच्या आसपास व्याज झालं. प्रोसेसिंग फी असेल तर आणखी वर.

दर दीडपट होणार ही आशा हिशेबात धरू नका. ग्राहक तुमच्या मागच्या कामाचे फोटो बघतो, बॉडीचं मॉडेल विचारत नाही. दर वाढवायचे असतील तर आजच्या कॅमेऱ्यावर 10 टक्के वाढवून बघा. बुकिंग्ज भरपूर आहेत ना?

आणि जुनी बॉडी विकू नका. डी850 चं शटर निकॉनने 2 लाख वेळांसाठी तपासलेलं आहे. वर्षाला 40 हजारच्या वेगाने तुमची दीड वर्षं तरी जाईल, आणि 2 लाख म्हणजे काही मरणाची तारीख नव्हे. शटर बदलूनही मिळतं, नव्या बॉडीच्या मानाने थोडक्यात. लग्नात एक बॉडी बंद पडली तर गळ्यात दुसरी हवी.