मुलगा वरच्या क्लबला नाही म्हणाला, चुकलं का?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगा 22 वर्षांचा, फुटबॉलच्या तिसऱ्या डिव्हिजनच्या टीममध्ये सेंटर बॅक (म्हणजे मधला डिफेंडर) आणि कॅप्टन, वरच्या डिव्हिजनच्या क्लबने बोलावलं तरी गेला नाही, आणि घरात सगळे म्हणतायत पोराने हातची संधी घालवली. मला नाही तसं वाटत.

डिफेंडर बेंचवर बसून तयार होत नाही हो. समोरच्याला ऑफसाइडमध्ये पकडायला डिफेंडरांची लाईन कधी वर काढायची, कीपर बाहेर येतोय तर आपण कुठे थांबायचं, हे दर आठवड्याला मॅच खेळूनच अंगात मुरतं, आणि तिकडे त्याला आधी राखीवच ठेवणार होते असं तुम्हीच लिहिलंय. अजून एक, मॅच हरल्यावर गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून तो आधी ज्या ज्युनिअरच्या चुकीने गोल बसला त्याला फोन लावतो, हे तुम्ही ओघात लिहून गेलात, मी मात्र तिथंच थांबलो. पुढे कोच व्हायचं तर हेच लागतं आणि ते कुठल्या कोर्सात शिकवत नाहीत.

इंग्लंडच्या स्विंडन टाउनचा जॉन ट्रोलॉप बघा, लेफ्ट बॅक, 1960 ते 1980 त्या एकाच क्लबसाठी 770 लीग मॅच, त्याही दुसऱ्या-तिसऱ्या डिव्हिजनमध्ये. 1969 ला तिसऱ्या डिव्हिजनमध्ये असतानाच स्विंडनने लीग कपच्या फायनलला वरच्या डिव्हिजनच्या आर्सेनलला 3-1 हरवलं, तो त्या टीममध्ये होता, आणि नंतर त्याच क्लबचा मॅनेजरही झाला.

माझी काळजी वेगळीच आहे, ती कराराची. मॅनेजर बदलला की कॅप्टनचा पट्टा एका दिवसात दुसऱ्याच्या दंडावर जातो, त्यामुळे तोंडी शब्दावर राहू नका. इंजुरी झाली तर पगार चालू राहील का, ऑपरेशनचा खर्च कोण करणार, हे सगळं लिहून घ्या. फिफाच्या नियमाने करार संपायला सहा महिने उरले की प्रोफेशनल खेळाडू पुढचा करार दुसऱ्या क्लबशी करू शकतो, ती तारीख त्याला पाठ पाहिजे. आणि त्याला एकदा शांतपणे विचारा, क्लबवर जीव आहे म्हणून थांबलायस की तिकडे जमणार नाही या भीतीने? भीती असेल तर पुढची ऑफर आली की मी स्वतः त्याला जा म्हणेन.

कोचिंगचं पहिलं लायसन्स त्याने खेळता खेळताच करावं, तिशीची वाट बघू नये. सध्याच्या कराराची कॉपी मला पाठवा, सही करायच्या आधी आपण तिघं बसून वाचू.