वही तिला परत द्या

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे, अकरावीत ७४ टक्के. ‘न्यूट्रॉन जास्त असलेल्या अणुकेंद्रकांची थिअरी’ करायची म्हणते. मुलीने रेडिएशनचं काम करायचं? उद्या लग्नाचं काय? इंजिनिअरिंगच्या क्लासची फी भरली आहे. एकेका गणितावर तीन-तीन तास घालवते, म्हणून ती वही काढून घेतली. पानाचा फोटो जोडला आहे. तिला समजावून सांगा. — एक वडील, नाशिक

उत्तर : ७४ टक्के वाचून मला काळजी वाटली नाही, वही काढून घेतलीत हे वाचून वाटली. फी भरताना तिला विचारलं होतंत का? पत्रात तसं कुठेच दिसत नाही. आणि सतरा वर्षांच्या मुलीच्या लग्नाची काळजी करिअरच्या प्रश्नात आणू नका.

फोटो मात्र मी मोठा करून पाहिला. तिने लिहिलंय, ‘ऑक्सिजन-२८ : प्रोटॉन ८, न्यूट्रॉन २०. दोन्ही मॅजिक नंबर. मग टिकत का नाही?’ मॅजिक नंबर म्हणजे प्रोटॉन किंवा न्यूट्रॉनची अशी संख्या, जिच्यामुळे अणुकेंद्रक जास्त घट्ट बांधलेलं असतं. अहो, जपानच्या रिकेन संस्थेत हे अणुकेंद्रक प्रत्यक्ष दिसल्याचं जाहीर झालं ते २०२३ मध्ये! तयार होताच ते फुटतं, चार न्यूट्रॉन बाहेर पडतात आणि ऑक्सिजन-२४ उरतो. त्याच्यापुढे ऑक्सिजन न्यूट्रॉन धरून का ठेवत नाही, याचं गणित दोन-दोन कणांमधलं बल धरून नीट सुटत नाही. तीन कणांमध्ये एकदम लागणारं बलही धरावं लागतं. तुमची मुलगी ज्या प्रश्नावर अडली आहे, त्यावर जगभरातले शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं काम करताहेत. तीन तास एका गणिताला चिकटून बसणं हीच या कामाची पहिली पात्रता आहे.

आता रेडिएशनचं. थिअरी करणारा माणूस किरणोत्सारी पदार्थाला हातही लावत नाही. कागद, कॉम्प्युटर, प्रचंड मोठ्या मॅट्रिक्स (आकड्यांचे चौकोनी तक्ते) आणि प्रोग्रॅमिंग, हे त्याचं काम. अणुभट्टी चालवणं हा निराळा व्यवसाय आहे. सोनं, प्लॅटिनमसारखी जड मूलद्रव्यं न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीत कशी घडतात, याचा हिशेबही अशाच अणुकेंद्रकांच्या गणितावर उभा राहतो, कारण त्या अणुकेंद्रकांपैकी बरीचशी प्रयोगशाळेत अजून तयारच करता आलेली नाहीत.

मूलभूत विज्ञान शिकवणाऱ्या सरकारी संस्थांच्या प्रवेश परीक्षा सांगतो : आयसर पुण्यासाठी आयएटी, भुवनेश्वरचं नायसर आणि मुंबईत कलिन्याचं सीईबीएस यांच्यासाठी नेस्ट. नाहीतर चांगल्या कॉलेजात बीएस्सी करून जॅम, म्हणजे एमएस्सीची प्रवेश परीक्षा.

वाट लांब आहे, हे तिलाही कळू द्या. एमएस्सीनंतर पीएचडीची पाच-सहा वर्षं, मग पोस्टडॉक, म्हणजे ठरावीक मुदतीचं संशोधनाचं काम, आणि कायम नोकऱ्या मोजक्या. पण गणित आणि कोडिंग पक्कं झालं तर दुसरीकडे वळताही येतं.

तिला मी काहीही समजावणार नाही. आज संध्याकाळी वही परत द्या आणि तो प्रश्न तिला तुम्हाला समजावून सांगू द्या. पुढचं पत्र तिलाच लिहू दे. फोटोत पान खालून कापलं गेलंय. तिने खाली काय लिहिलंय ते मला वाचायचं आहे.