परीक्षा आली की माझं पोट बिघडतं. कॉलेजच्या मुलामुलींमध्ये आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे वारंवार पोट दुखून शौचाची सवय बिघडण्याचा विकार) खरंच इतका कॉमन आहे का?

सेकंड इयरला आहेस असं लिहिलंयस, म्हणून 'तू'च म्हणते. मीही ठाणे–नेरुळ लोकलने चार वर्षं कॉलेजला गेले. लोकलमध्ये संडास नसतो आणि पोटात मुरडा नेमका घणसोली सोडल्यावरच येतो, हे मला कुणी समजावून सांगायला नको. सबमिशनच्या आठवड्यात तर मी उपाशीपोटीच घरातून निघायचे.

आता तुझ्या प्रश्नाकडे. कॉमन आहे, पण टक्केवारी मोजमापावर ठरते. २०२१ साली ३३ देशांतली एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्या ऑनलाइन भागात जुन्या रोम-३ निकषांनी (रोम निकष म्हणजे लक्षणांवरून आयबीएस ठरवायचे आंतरराष्ट्रीय नियम) सुमारे १० टक्के लोकांना आयबीएस निघाला, तर २०१६ च्या रोम-४ निकषांनी फक्त ४ टक्क्यांच्या आसपास. लोक तेच, पट्टी बदलली. रोम-४ ला पोटात नुसतं 'कसंतरी होणं' चालत नाही, दुखायलाच हवं: गेले तीन महिने आठवड्यातून किमान एक दिवस, तेही शौचाशी किंवा शौचाच्या बदललेल्या सवयीशी जोडलेलं, आणि त्रास किमान सहा महिन्यांपूर्वी सुरू झालेला.

विद्यार्थ्यांचे, विशेषतः मेडिकलच्या मुलांचे, आकडे बहुतेक वेळा यापेक्षा मोठे दिसतात, पण एका कॉलेजचा आकडा दुसऱ्याशी जुळत नाही. ते बरेचदा वर्गात वाटलेल्या फॉर्मवरून काढलेले असतात, डॉक्टरांनी तपासून नव्हे. म्हणून 'तीनातल्या एकाला आयबीएस' असं कुठे वाचलंस तर आधी निकष कोणता आणि फॉर्म कधी भरून घेतला ते बघ. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात विचारलं तर आमची अख्खी बॅच पात्र ठरली असती!

ताण मात्र खोटा नाही. मेंदू आणि आतडं सतत एकमेकांशी बोलत असतात, त्यामुळे व्हायवाच्या भीतीने आतड्याची हालचाल खरंच बदलते. शिवाय जुलाब-उलट्यांचं जोरदार इन्फेक्शन होऊन गेल्यावर दहातल्या साधारण एकाला आयबीएस मागे राहतो. माझं तिथूनच सुरू झालं, पावसाळ्यात रस्त्यावरचं सरबत प्यायल्यावर. मी आधी सगळं खापर अभ्यासावर फोडलं होतं.

मला इसबगोलने फरक पडला, आणि कांदा-लसूण, राजमा काही आठवडे बंद करून एकेक परत सुरू केल्याने. कांदा मला चालतो, राजमा नाही. दुधाचंही तपासून बघ, ते न पचणं आपल्याकडे खूप आहे आणि लक्षणं अगदी अशीच असतात.

शौचातून रक्त, आपोआप घटणारं वजन, कमी हिमोग्लोबिन, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर, यातलं काहीही असेल तर सबमिशन राहू दे, आधी डॉक्टरकडे जा.