रिफिलवाले लायटर आता टिकत नाहीत, हे खरंय का?

ऐरोलीच्या दादांनी विचारलंय की वडिलांचा जुना पेट्रोलचा लायटर अजून पेटतो आणि त्यांनी स्वतः घेतलेला गॅसचा रिफिलवाला मात्र दुसऱ्यांदा भरला तेव्हाच गळायला लागला, तर क्वालिटी खरंच घसरलीय का. घसरलीय, पण सगळ्यांची नाही, आणि पेट्रोलवाला न् गॅसवाला एकाच तागडीत तोलू नका.

पेट्रोलवाल्यात बिघडण्यासारखं फार काही नसतंच. वात, कापूस, ठिणगी पाडणारा खडा, स्प्रिंग, चाक, झालं. झिप्पो १९३३ पासून बनतोय, आतली रचना जवळपास तीच आहे आणि कंपनी आजही रिपेअर फुकट करून देते. ऑस्ट्रियाचा इम्को तर साध्या पत्र्याचा, स्वस्तातला, तरी हातात घेतला की कळतं किती विचार करून बनवलाय, २०१२ मध्ये तो तिथे बनायचा बंद झाला याचं मला खरंच वाईट वाटतं.

गॅसवाल्याचा सगळा खेळ व्हॉल्व्हवर. आत ब्युटेन प्रेशरखाली लिक्विड होऊन बसलेला असतो आणि त्याला अडवतात त्या एवढ्याशा रबरी रिंगा, त्या कडक झाल्या की गळती सुरू. चांगल्या लायटरचा व्हॉल्व्ह खोलता येतो, रिंग बदलली की परत कामाला लागतो. आताच्या स्वस्त मालात खाली गॅस भरायला भोक असतं पण खडा बदलायची सोयच नसते, म्हणजे खडा संपला की गॅससकट फेका, याला रिफिलेबल म्हणणं मला अजिबात पटत नाही. प्लास्टिक म्हणजे वाईट असंही नाही हां, क्लिपर प्लास्टिकचाच आहे पण त्याची खड्याची नळी वर ओढली की निघते. २०२३ मध्ये सरकारने २० रुपयांपेक्षा कमी आयात किमतीच्या लायटरची आयात बंद केली, त्यात रिफिलवालेही आले, पण किंमत जास्त म्हणून व्हॉल्व्ह चांगला असं धरून चालू नका, दुकानात खडा कुठून बदलायचा तेवढं विचारा.

तुमचा लगेच फेकू नका. व्हॉल्व्हला साबणाचं पाणी लावून बघा, बुडबुडे आले तर रिंग गेलीय. नाही आले तर भरताना हवा राहिली असेल, मोकळ्या जागेत, आसपास काही पेटतं नसताना, बारीक स्क्रूड्रायव्हरने भरायचा व्हॉल्व्ह दाबून सगळं बाहेर काढा, मग लायटर उलटा धरून वरून गॅसचा कॅनही उलटा, तोंड खाली करून सरळ दाबा, आणि थोडा वेळ थांबूनच पेटवा.

आणि वडिलांचा लायटर रोज वापरत नसाल तर त्यातला खडा आजच काढून ठेवा, आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत खडा फुगतो, त्याचा भुगा होऊन नळीत असा बसतो की ड्रिल लावून काढावा लागतो.