नेदरलँड्समध्ये ॲमस्टरडॅमखेरीज तीन-चार दिवसांत कोणती गावं पाहावीत?

मुक्काम उट्रेख्टला करा. हे शहर देशाच्या जवळजवळ मध्यावर असल्यामुळे सगळीकडे जाणाऱ्या गाड्या इथून मिळतात.

उट्रेख्टला पूर्ण एक दिवस द्याच. ११२ मीटर उंच डोम टॉवर आणि त्याचं चर्च यांच्यामध्ये आज मोकळा चौक आहे. १६७४ च्या वादळात मधला भागच कोसळला आणि पुन्हा कधी बांधला गेला नाही. त्या चौकात उभं राहून दोन्हीकडे पाहिलं की मूळ वास्तू केवढी असेल, ते लक्षात येतं. वर जायला ४६५ पायऱ्या आहेत, गुडघे बरे असतील तर नक्की चढा. संध्याकाळी औडखाख्त कालव्याच्या काठी उतरा. पूर्वी बोटींतला माल ज्या तळघरांत उतरवत, तिथे आता हॉटेलं आहेत आणि टेबलं अगदी पाण्याला लागून मांडलेली असतात.

दुसऱ्या दिवशी डेल्फ्ट. चित्रकार व्हर्मीर इथलाच, त्याची कबर जुन्या चर्चमध्ये आहे. त्या चर्चचा मनोरा चक्क कललेला दिसतो. निळ्या नक्षीची डेल्फ्ट भांडी दुकानांत मिळतातच, पण हाताने रंगवलेलं हवं असेल तर तसं विचारूनच घ्या.

पवनचक्क्यांसाठी किंडरडाइक. तिथे एकूण १९ आहेत आणि रॉटरडॅमहून बोटीने जाता येतं. वारा बोचरा असतो, उन्हाळ्यातही जाकीट जवळ ठेवा.

वेळ उरला तर लायडन किंवा हार्लेम, दोन्ही अर्ध्या दिवसात होतात.

ट्रेनला कॉन्टॅक्टलेस बँक कार्ड चालतं. उतरल्यावर पुन्हा टॅप करायला मात्र विसरू नका.