आई-बाबांच्या फोनवर कुठलं ॲप ठेवायचं?

तुम्ही विचारलंय, आई-बाबा कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात दोघेच, तुम्ही पुण्यात. पुन्हा कोरोनासारखी साथ आली तर त्यांच्या फोनवर कुठलं ॲप घालून ठेवू? ॲपचं मागाहून बघू. आपल्या भागात घोळ कशानं झाला ते आधी ध्यानात घ्या.

लसूण-हळदीचे फॉरवर्ड आले, नाही असं नाही. पण त्यांना निम्मी माणसं हसायचीच. खरा घात केला तो खऱ्या बातम्यांनी, कारण त्या पलीकडच्या राज्याच्या होत्या. आपण टीव्ही लावतो तो मुंबई-पुण्याचा, पाहुणेरावळे कोल्हापूर-चंदगडात, मग व्हॉट्सॲपवर तिकडचंच येणार की! एप्रिल 2021 आठवा. महाराष्ट्रात किराणा दुकानं सकाळी 7 ते 11. आठवड्याभरात कर्नाटकानं निर्बंध लावले, ते मात्र 6 ते 10. आमच्या गल्लीतली माणसं साडेदहाला पिशवी घेऊन निघायची तर शटर खाली आणि कोपऱ्यावर पोलीस. त्याला मोबाईल दाखवून वाद घालायची. आदेश अस्सलच, पण महाराष्ट्र शासनाचा. बेळगावच्या पोलिसाला त्याचं काय?

महाराष्ट्र-कर्नाटक हद्दीवरच्या कोगनोळी नाक्यावरही तेच. कर्नाटकात शिरायला 72 तासांच्या आतला आरटीपीसीआर रिपोर्ट मागत होते तेव्हा ‘आता काही लागत नाही’ हा मेसेज कधीचा, कुठल्या बाजूचा, हे न बघता लोक गाडी काढायचे.

म्हणून बाबांना एवढी सवय लावा: आदेश आला की आधी राज्य बघायचं, मग तारीख. आपल्याकडचा आदेश बहुतेक कन्नडमध्ये असतो. गूगल लेन्सनं त्याचं मराठी होतं, ओबडधोबड का असेना. वेळ आणि तारीख तेवढी मूळ कागदावर ताडून घ्यायची. शेजारी शाळेत जाणारी पोरगी असेल तर ती जास्त बरं वाचून दाखवेल.

आता ॲप. कोरोनाच्या रुग्णाच्या जवळ आलात का ते सांगणारं आरोग्य सेतू 2020 च्या एप्रिलात आलं. ते ब्लूटूथवर चालायचं, म्हणजे समोरच्याच्या फोनातही असलं तरच उपयोग. बटनाचे फोन जास्त असलेल्या गावात ते काय कामाचं? लसीसाठी कोविनवर नोंदणी मात्र सगळ्यांनाच करावी लागली. एका नंबरवर चौघांची नोंदणी व्हायची, म्हणून गल्लीतल्या एखाद्या पोराच्या मोबाईलवर चार म्हाताऱ्यांची नावं. ओटीपी त्याच्याकडं, आणि तो शेतात. पुढं सर्टिफिकेट काढतानाही तोच नंबर लागायचा. तोवर कुणी सिम बदललेलं. तेव्हा आई-बाबांची सगळी नोंदणी बाबांच्याच नंबरवर करा आणि त्याचा रिचार्ज तुम्ही पुण्यातून मारत राहा. ओटीपी कुणाला सांगायचा नाही, हेही एकदा नीट समजावा.

आणि सगळ्यात कामाचं म्हणजे भिंतीवर ठळक अक्षरात नंबर लिहा: आशाताई, प्राथमिक आरोग्य केंद्र, 108, आणि रात्री-अपरात्री गाडी काढेल असा एक शेजारी. तो शेजारी आधीच विचारून ठरवा, आयत्या वेळी नको.

गाव जांबोटी-कणकुंबीच्या अंगाला असेल तर मात्र गणित निराळं. तिकडं पावसाळ्यात लाईट आणि रेंज, दोन्हींचा भरवसा नसतो. मग नवा स्मार्टफोन घेऊन देण्यापेक्षा चार्ज टिकणारा बटनाचा फोन बरा, आणि त्या गावात ज्याची रेंज खरंच येते ते सिम. गाव कुठलं ते लिहा, तिकडची माणसं आहेत इथं, कुठलं सिम चालतं ते सांगतील.